आवाज बसला नव्हता

ठिपकीने पान्हा चोरला तेव्हा घरात सगळ्यांनी आधी वैरणीला दोष दिला.

ते साहजिकच होतं. उन्हाळा असा काही तापला होता की कालव्याच्या काठचा हिरवा चारा जागच्या जागी करपला. सकाळ-संध्याकाळ वाळक्या वैरणीची कुट्टी करायची, तिच्यावर पाणी शिंपडायचं आणि गव्हाणीत टाकायची, एवढंच गुरांच्या वाट्याला उरलं होतं. कुट्टीच्या यंत्राची धूळ घरभर. पाण्याच्या भांड्यांवर धूळ, अंथरुणावर धूळ, पापण्यांवर धूळ. माणसं तोंडाला फडकं बांधून वावरत. घरातल्या प्रत्येकाचा घसा धरलेला. सासू खोकायची, धाकटा खाकरायचा, आणि थोरली सून खोकता खोकताच बोलायची. बोलणं थांबवून खोकावं, हे तिच्या स्वभावात नव्हतं.

थोरलीच्या नवऱ्याचा मुक्काम बाराही महिने ट्रकवर. मुलगा बाहेरगावी वसतिगृहात. त्यामुळे तिच्या तोंडाचा पट्टा चालायला घरात सासू, धाकटा दीर आणि धाकटी जाऊ एवढीच माणसं होती. त्यातही धाकटी गरीब सापडायची. ती उलट बोलत नसे, आणि आता तर तिला पाचवा महिना लागला होता, म्हणजे पळून जायचीही सोय नव्हती.

बाकीच्या गाई कमी का होईना, दूध देत होत्या. ठिपकी मात्र मुळीच देईना. घरातली सगळ्यात दुधाळ गाय. धाकटी या घरात आली तेव्हा ठिपकी कालवड होती, धाकटीच्याच हाताखाली वाढली आणि तिच्याच हाताला लागली. धार काढताना धाकटी तिच्याशी एकच वाक्य बोलायची. बारीक, गोड आवाजात, वर्षानुवर्षं तेच. "सोड गं बाई, सोड. कुणासाठी ठेवतेस?" की ठिपकी मान खाली घालायची आणि कासेत दूध उतरायचं.

आता वासरू लावलं, कास धुतली, धाकटी बसली, बोलली, तर ठिपकी मान वळवून मागे बघायची. बराच वेळ बघत राहायची. सड कोरडे ते कोरडेच.

डेअरीवर कॅन रिकामा दिसू लागला तसा धाकट्याने गुरांच्या डॉक्टरला बोलावून आणलं. त्याने कास चाचपली, थर्मामीटर लावलं, जीभ ओढून पाहिली.

"हिला काहीसुद्धा झालेलं नाही," तो म्हणाला.

वैरणीच्या ढिगाआड उभी असलेली धाकटी म्हणाली, "खाते चांगली. पण मी बसले की अशीच मागं वळून बघते."

डॉक्टरने मान वर केली नाही. तो कासेपाशीच वाकला होता. "भाऊ," तो म्हणाला, "जरा दावं आखडून धरता का?"

थोरली अशी हसली की बाजूची म्हैस उठून उभी राहिली. धाकटी ढिगाआडून पुढे आली आणि तिने दावं धरलं. डॉक्टरने वर पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

"चुकलं हो वहिनी. धुळीनं आवाज बसलाय तुमचा."

"बसलाय खरा," सासू म्हणाली. "काढे पाजून थकले मी."

"बसलाय कुठला, फुटलाय म्हणा!" थोरली डोळे पुसत म्हणाली. "आता मिशा तेवढ्या यायच्या राहिल्यात."

"मग गाईचं काय चुकलं?" डॉक्टर बॅग आवरत म्हणाला. "तिला वाटतं, कुणीतरी परकंच माणूस बसलंय. घसा सुटला की दूधही सुटेल."

धाकटीने तोंडावरच्या फडक्याची गाठ आणखी आवळली. थोरली चेष्टेत बोलून गेली होती. पण फडक्याखाली, हनुवटीवर आणि वरच्या ओठावर, केस खरोखरच आले होते. काळे, राठ, बोटाला लागणारे. दुपारी सगळी आडवी झाली की ती कोठीच्या खोलीत जायची, दाराशी आरसा धरायची आणि चिमट्याने एकेक केस उपटायची. दुखायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. नवऱ्यालाही तिने हे दिसू दिलं नव्हतं. सगळ्यांच्याच तोंडाला फडकी, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

ती मनाची समजूत घालायची. गरोदरपणात काय काय होत असतं. थोरल्याच्या वेळी सासूच्या तोंडावर वांग उठले होते म्हणे. तसंच हेही असेल. आणि कुणाला सांगायचं तरी काय? आधीचं एक राहिलं नव्हतं, तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. या खेपेला पोट दिसायला लागल्यापासून घरात सगळे तिच्याकडे काचेच्या भांड्यासारखं बघत होते. त्या भांड्याला तडा आहे, हे आपल्याच तोंडाने सांगायचा तिला धीर होईना.

गावातल्या डॉक्टरने घशाचं औषध दिलं, गुळण्या करायला सांगितल्या. "आवाज बसलाय" म्हटल्यावर तो दुसरं काय देणार? औषध संपलं. आवाज जिथे होता तिथून आणखी खाली गेला. मग धाकटीने सोपा उपाय केला. ती बोलेनाशीच झाली. हो म्हणायला मान वर-खाली, नाही म्हणायला आडवी. ठिपकीजवळसुद्धा मुक्यानेच बसायची. ठिपकीने दूध दिलं नाही ते नाहीच.

*

सोनोग्राफीसाठी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. धाकट्याने मोटरसायकल दामटली नाही, खड्डे चुकवत, सायकलीच्या वेगाने नेली. "हळू बसली आहेस ना?" असं तो दर कोसाला विचारायचा. हळू कसं बसतात ते त्याचं त्याला ठाऊक. ती त्याच्या पाठीवर बोटाने टकटक करायची, म्हणजे हो.

सोनोग्राफीवाल्या बाई बोलक्या होत्या. पोटावर गारेगार मलम लावून त्यांनी यंत्र फिरवलं. "हे बघ डोकं. हा पाय. आणि हे ऐक." खोलीत ठोके घुमले, दुरून कुट्टीचं यंत्र ऐकू यावं तसे, एका लयीत. धाकट्याने तोंडावर हात धरला. धाकटीच्या कानशिलावरून पाणी ओघळलं.

मग यंत्र जरा बाजूला सरकलं आणि बाई गप्प झाल्या. दुसऱ्या बाजूला गेलं. बाईंनी पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

चष्मेवाल्या डॉक्टरने त्यांना समोर बसवलं. वयाने लहान होता, पण बोलणं स्वच्छ.

"बाळ छान आहे, ते आधी ऐकून घ्या. पण बाईंच्या अंडाशयांत गाठी आहेत. दोन्ही बाजूंना. एक लिंबाएवढी, एक पेरूएवढी. पाण्याच्या असत्या तर म्हणालो असतो, राहू द्या. या भरीव आहेत."

"म्हणजे?" धाकट्याने विचारलं.

"म्हणजे वाईट असू शकतात. दोन्हीकडे भरीव गाठी दिसल्या की थांबायची माझी हिंमत होत नाही. कधी कधी दुसरीकडचाच आजार इथवर पसरलेला असतो. याच आठवड्यात काढून टाकू."

"आणि बाळ?"

डॉक्टरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "जपू. पण शब्द देत नाही. आणि दोन्ही अंडाशयं काढावी लागली, तर यापुढे मूल नाही." मग धाकटीकडे वळून त्याने विचारलं, "काही दुखतं? उलट्या? भूक मेलीय?"

धाकटीने तिन्ही वेळा आडवी मान हलवली. चौथा प्रश्न त्याने विचारला असता, तरी तिने मानच हलवली असती. चष्मेवाला वाईट माणूस नव्हता. त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं. जे कानावर पडलंच नाही, ते त्याला कुठून कळणार?

धाकटीला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. खिडकीजवळची खाट मिळाली. तोंडावरचं फडकं तिने तिथेही सोडलं नव्हतं. बाहेर दवाखान्याच्या धुण्याच्या दोऱ्या होत्या आणि त्यांवर हिरव्या चादरी वाळत होत्या. पोटावर हात ठेवून ती त्या चादरी मोजल्यासारखी बघत राहिली. आतून बाळाने ढुशी दिली. आजवर अशा ढुशीने ती हसायची. या वेळी तिने तोंड उशीत खुपसलं.

*

सासूचे गुडघे धड नव्हते, म्हणून सोबतीला थोरली आली. कपड्यांची पिशवी, जेवणाचा डबा आणि अंगाला गोठ्याचा वास घेऊन. शेजारच्या खाटेवरच्या बाईने नाकाला पदर लावला, तशी थोरली म्हणाली, "शेणाचा आहे बाई, विषाचा नाही. मरत नाही कुणी त्यानं."

पण धाकटीकडे बघितल्यावर तिचा सूर उतरला. तिने डबा उघडला, घास करून पुढे धरला. धाकटीने मान फिरवली.

"खा गं. उद्या पोटाला काही मिळायचं नाही."

उद्या ऑपरेशन होतं. धाकटा बाहेर नळाजवळ उभा होता. आत आला की त्याला रडू यायचं, म्हणून तो आत येत नव्हता.

तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. पांढरे केस, पायात सपाट चपला, मागे चष्मेवाला आणि दोन नर्सा. खाटेखाट थांबत, प्रत्येकीला काहीबाही विचारत त्या खिडकीशी पोचल्या.

"झोप लागली का गं?"

मान आडवी.

"जेवलीस?"

मान आडवी.

"भीती वाटते?"

मान हललीच नाही. नुसते डोळे भरले.

"ही बोलत का नाही?" डॉक्टरीणबाईंनी थोरलीला विचारलं. "पहिल्यापासून मुकी आहे का?"

"मुकी कशाची हो! कोकिळा होती." थोरलीला बोलायला निमित्तच हवं होतं. "लाजते. आवाज फुटलाय ना तिचा."

"बसलाय म्हणायचंय तुम्हाला."

"नाही हो बाई, फुटलाय. बसलेला आवाज मला कळत नाही होय? आमच्या घरात सगळ्यांचाच बसलाय, हा बघा माझाही बसलाय. बसलेला आवाज खरखरतो. हिचा खरखरत नाही, हिचा जाडा झालाय. मधेच वर जातो, मधेच खाली येतो. गेल्या साली माझ्या पोराचा फुटला ना, अगदी तस्सा. मी चेष्टा करते म्हणून ती बोलायचीच बंद झाली."

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे निघाल्या होत्या. त्या थांबल्या. मागे आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या.

"बोल बाळ. काहीही बोल."

धाकटीने थोरलीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं.

"काय बोलू?"

दोनच शब्द. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून इकडे बघायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः उठून पडदा ओढला. आत त्या दोघी आणि थोरली, एवढीच माणसं राहिली. "ते फडकं काढतेस?" त्यांनी विचारलं. आवाज इतका मऊ होता की धाकटीने काढलं. डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि अंगठा फिरवला. उपटलेल्या केसांच्या जागी बारीक लाल पुटकुळ्या उठल्या होत्या.

"कधीपासून?"

"आवाज जायला लागला तेव्हापासूनच." आणि मग धाकटीचा बांध फुटला. आरसा, चिमटा, कोठीची खोली, गाय, सगळं त्या जाड्या आवाजात, हुंदक्यांसकट बाहेर आलं. थोरली भिंतीला टेकून ऐकत होती. मिशांची चेष्टा तिला आठवली असावी. तिने चेष्टेतलं एक अक्षरही पुन्हा तोंडातून काढलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी पडदा सारला. "उद्याचं ऑपरेशन थांबवा," त्या चष्मेवाल्याला म्हणाल्या.

"पण मॅडम, दोन्ही बाजूंना भरीव गाठी आहेत."

"म्हणूनच. हिचा आवाज ऐकलात?"

चष्मेवाला खाटेजवळ आला. "मी तो ऐकलाच नव्हता," तो हळू म्हणाला. मग धाकटीला म्हणाला, "माझ्याशीही बोला ना दोन शब्द." ती बोलली. रक्ताची नळी घेऊन तो स्वतःच खाली पळाला, नर्सची वाटही न बघता.

*

धाकट्याला आत बोलावून डॉक्टरीणबाईंनी तिघांना समजावून सांगितलं. त्यांनी कागद घेतला नाही की चित्र काढलं नाही. स्वतःच्या दोन मुठी पुढे धरल्या.

"ही दोन अंडाशयं समजा. गरोदरपणात शरीरात नाना तऱ्हेचे रस वाढतात. त्यांच्या नादाने एखादीच्या अंडाशयात अशी गाठ उठते. फार क्वचित. मी इतकी वर्षं हे काम करते, मला एकच बाई अशी भेटलीय. ही गाठ पुरुषाच्या अंगातला रस सोडते. म्हणून आवाज, म्हणून केस. पुष्कळदा ती दोन्हीकडे असते. आणि बाळंत झालं की आपोआप विरते."

"म्हणजे कापायला नको?" धाकट्याचा आवाज चिरकला. त्या खोलीत त्या दिवशी कुणाचाच आवाज जाग्यावर नव्हता.

"थांब. मला तसं वाटतंय. खात्री नाही. पोटातला कर्करोग अंडाशयात उतरला, तरी अशाच दिसणाऱ्या गाठी होतात, आणि त्याही कधी आवाज बदलतात. म्हणून आधी दुर्बिणीने जठर पाहू. रक्त पाहू. तिथे काही निघालं नाही, तर आपण थांबू. दर पंधरवड्याला तपासायचं. आणि ओटीपोटात एकदम कळ आली, तर तशीच उठून इकडे यायचं. गाठीला पीळ पडू शकतो."

"आणि बाळाला?" धाकटीने स्वतःच विचारलं. मान न हलवता, तोंडाने.

"मुलगा असेल तर चिंता नाही. मुलगी असेल तर तिच्यावरही या रसाचा थोडा परिणाम होऊ शकतो. नाळ जिला जोडलेली असते, ती वार पुष्कळसं अडवून धरते. जन्मल्यावर नीट बघू. लपवणार नाही तुझ्यापासून काही."

दुर्बिणीची नळी गळ्यातून उतरताना धाकटीने थोरलीचा हात धरला होता. इतका घट्ट, की बांगडीचा वण दोघींच्या मनगटांवर उठला. जठर स्वच्छ निघालं. रक्तात तो पुरुषी रस भरमसाट निघाला. चष्मेवाला आकडा सांगताना जवळजवळ हसत होता.

"याला थांबायचं म्हणतात," डॉक्टरीणबाई निरोप देताना म्हणाल्या. "हे ऑपरेशनपेक्षा अवघड असतं. जमेल ना?"

"जमेल," धाकटी म्हणाली.

*

थांबणं घरात सगळ्यांनीच वाटून घेतलं. सासू धाकटीला भरली घागर उचलू देईना. धाकट्याने कुट्टीचं यंत्र ओढत ओढत परसाच्या टोकाला नेलं, म्हणजे धूळ आत यायला नको. फडकं सोडलेली धाकटी ओट्यावर बसून राहायची. हनुवटीवरचे केस आता ती उजेडात काढायची आणि आरसा थोरली धरायची. "हे एक राहिलं बघ," असं म्हणत बोटाने दाखवायची. चेष्टा नव्हती त्यात. असली तरी ती आता टोचत नव्हती.

धार काढायचं काम थोरलीकडे आलं. बाकीच्या गाई मुकाट्याने दुभल्या. ठिपकीने पहिल्याच दिवशी लाथ घातली आणि बादली लवंडली.

"सोड गं भवाने!" थोरली ओरडली. "काय बापाच्या घरी न्यायचंय का ते?"

"तसं नाही जाऊबाई," ओट्यावरून धाकटी म्हणाली. "सोड गं बाई, असं म्हणा."

"हिला बाई म्हणू? आजवर मी कुठल्या गुराला बाई म्हटलेलं नाही."

"आणि हळू."

"हळू मला येत नाही."

ते खरंच होतं. थोरलीला हळू बोलायला शिकायला बरेच दिवस लागले. आधी ती कुजबुजायची, तर गाय घाबरायची. मग गोड बोलायला जायची, तर स्वतःच हसत सुटायची. शेवटी एका संध्याकाळी दिवसभराच्या कामाने दमून, गाईच्या पोटाला डोकं टेकून, ती कुणी ऐकत नाही अशा बेताने म्हणाली, "सोड गं बाई, सोड. कुणासाठी ठेवतेस?" बादलीत पहिली धार वाजली. थोरली जागची हलली नाही, न जाणो हिचा विचार बदलला तर. ओट्यावर धाकटी तोंड दाबून हसत होती.

त्यानंतर थोरलीला ती सवयच लागली. धार काढता काढता ती ठिपकीला घरचं सगळं सांगायची. नवऱ्याची खबर नाही, पोराला वसतिगृहातलं जेवण आवडत नाही, सासूबाईंच्या गुडघ्याला तेलही पुरत नाही. ठिपकी कान हलवत ऐकायची. थोरलीचं इतकं निमूट ऐकून घेणारं त्या घरात तीच पहिली.

एकदा भर दुपारी धाकटीला कळ आली. ओट्यावरून उठताना ती वाकली ती वाकलीच. धाकटा डेअरीवर होता. थोरलीने रस्त्यावर जाऊन येणारी पहिली गाडी आडवी उभी राहून थांबवली. भाजीच्या टेम्पोत पोत्यांवर धाकटीला निजवलं, डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि ड्रायव्हरला वाटभर शिव्या देत दवाखाना गाठला. गाठीला पीळ नव्हता. बाळाने जागा बदलली होती आणि पाय खाली करून बसलं होतं. चष्मेवाल्याने ठोके ऐकवले तेव्हा थोरलीच्या जिवात जीव आला. परतताना तिने त्या ड्रायव्हरची माफीही मागितली, तिच्या पद्धतीने. "शिव्या मनावर घेऊ नका, तुम्ही सावकाशच चालवत होता."

बाळाचे पाय शेवटपर्यंत खालीच राहिले. त्यामुळे दिवस भरल्यावर ऑपरेशन करावंच लागलं. पण ते बाळाला बाहेर काढायला. दोन्हींत केवढा फरक, हे धाकट्याला विचारावं. तो या खेपेला दाराशीच उभा राहिला.

मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी शब्द दिला होता तसं तिला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं आणि धाकटीच्या कानाशी येऊन सांगितलं, "पोर ठणठणीत आहे. काही म्हणजे काही नाही." पोट उघडलंच होतं, तेव्हा त्यांनी गाठीही डोळ्यांनी पाहिल्या आणि नखाएवढा तुकडा तेवढा तपासायला काढला. बाकी हात लावला नाही. तुकड्याचा निकाल आला तो चष्मेवाल्यानेच आणला, जिना चढून धापा टाकत.

"गरोदरपणाचीच गाठ आहे," तो म्हणाला. "विरेल."

धाकटीने हात जोडले. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण एवढंच जमलं, "तुम्ही थांबलात." चष्मेवाला म्हणाला, "थांबवलं गेलो," आणि थोरलीकडे बघून हसला.

*

गाठी खरंच विरल्या. पुढच्या तपासण्यांत पेरूचं लिंबू झालं, लिंबाची सुपारी झाली, आणि मग बोलक्या सोनोग्राफीवाल्या बाईंना शोधूनही काही सापडेना. हनुवटी गुळगुळीत झाली. आवाज वर आला, पण पुरता नाही. एक पायरी खालीच राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेवढा बहुधा राहील. राहू दे म्हणाली धाकटी.

कालव्याला पाणी सुटलं होतं, काठचं गवत पुन्हा कमरेला लागत होतं. जड काम करायची मोकळीक मिळाली त्या दिवशी धाकटी बादली घेऊन गोठ्यात गेली. मागोमाग थोरली, खांद्यावर पोर टाकून.

धाकटी ठिपकीजवळ बसली. कासेवर हात फिरवला. "सोड गं बाई, सोड. कुणासाठी ठेवतेस?"

ठिपकीने मान वळवली. धाकटीकडे पाहिलं, थोरलीकडे पाहिलं. सड कोरडे.

"विसरली मला," धाकटी म्हणाली.

"विसरते कशाला? माझी सवय झालीय तिला." थोरलीच्या बोलण्यात थोडा तोरा होताच. ती पुढे आली आणि पोरीची पाठ थोपटत ते वाक्य म्हणाली. दूध उतरलं. धाकटी हसायला लागली. काढायचं हिने आणि बोलायचं तिने, अशी धार सुरू झाली.

"जाऊबाई, एक सांगू?"

"सांग. पण हात थांबवू नकोस."

"त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही तोंड उघडलं नसतं, तर ही पोर नसती. पुढंही कुणी नसतं. मी रोज झोपताना हे मनात म्हणते. आज तुमच्या तोंडावर म्हणते."

"अगं, मी तर तुझी चेष्टा करत होते. गोठ्यातसुद्धा चेष्टाच."

"म्हणून तर. बाकी सगळे माझ्याशी जपून बोलत होते. सगळे म्हणत होते, बसलाय, बसलाय. खरं काय ते तुम्हीच म्हणालात."

यावर थोरली काहीतरी चटकन बोलेल, म्हणून धाकटी वाट बघत राहिली. थोरलीने पोरीच्या डोक्यावर ओठ टेकले आणि गव्हाणीकडे तोंड केलं. हातातली धार बारीक होत गेली, मग थांबली. ठिपकी मान वळवून बघायला लागली.

"बोला ना जाऊबाई. थांबली बघा ही."

थोरलीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. घशातून कसाबसा आवाज निघाला.

"तूच म्हण. माझा आवाज बसलाय. ही मेली धूळ."

गव्हाणीत ओलं हिरवं गवत होतं. यंत्र केव्हाचंच परसात झाकून ठेवलं होतं. साऱ्या गोठ्यात धुळीचा कण नव्हता.

धाकटीने ठिपकीच्या पोटाला डोकं टेकलं आणि त्या नव्या, जरा जाड्या आवाजात हळूच म्हणाली, "सोड गं बाई, सोड. कुणासाठी ठेवतेस?"

ठिपकीने क्षणभर कान टवकारला. मग मान खाली घालून गवताला तोंड लावलं, आणि बादलीत धार वाजायला लागली.